कपाटातला स्टुडिओ

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिलाय, 'आवाजाच्या क्षेत्रातील माझी वाटचाल'. वाटचाल हा शब्द जरा मोठा झाला. स्वयंपाकघरापासून मधल्या खोलीतल्या कपाटापर्यंत पंधरा पावलं, एवढीच ती आहे. पण मागच्या भेटीत एकानं विचारलं होतं, "तू म्हणे सिनेमातल्या नट्यांना आवाज देतेस?" म्हणून आधी ते सांगून टाकते. नाही रे. मी बियाण्याच्या जाहिरातीला आवाज देते. फोनवर 'मराठीसाठी दोन दाबा' म्हणते. कारखान्यात यंत्राजवळ जाताना हातमोजे घाला, असं कामगारांना सांगणारी फिल्म असते, तिच्यात बोलते. आणि पुस्तकं वाचते, तासन् तास. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी मला कधी ना कधी फोनवर शिव्या दिलेल्या असणार, 'ही बाई माणसाशी जोडून का देत नाही' म्हणून.

आता मुळात माझा आवाज. आठवतोय ना? आठवीत स्नेहसंमेलनाच्या समूहगीतातून मला काढलं होतं. आपण मिरजेचे. इथं सतारमेकर गल्लीत भोपळ्याला तारा लागतात आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात गाणं होतं तेव्हा लोक रात्र रात्र बसून ऐकतात. अशा गावात घोगऱ्या आवाजाची मुलगी म्हणजे काय ते मलाच माहीत. ज्या सरांनी काढलं त्यांचं काही चुकलं नाही. मी खरोखरच बेसूर होते, अजून आहे. पण त्या दिवशी मी मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे बसून रडले, आणि मराठीच्या बाईंनी ते पाहिलं. त्यांनी समजूत वगैरे काही घातली नाही. म्हणाल्या, "उद्यापासून परिपाठाला बातम्या तू वाचायच्या."

त्या काळी परिपाठाला माईक नसायचा. बाई मुद्दाम मैदानाच्या पार टोकाला, पिंपळाखाली जाऊन उभ्या राहायच्या आणि तिथून हात हलवायच्या, ऐकू आलं नाही, पुन्हा. मी ओरडले की त्या अजून जोरात हात हलवायच्या. आठवड्यानं मला कळलं की त्यांना मोठा आवाज नको होता, त्यांना वाक्याचा शेवट हवा होता. "मराठीत क्रियापद शेवटी येतं. तेच गिळलंस तर काम झालं की नाही झालं, हे लोकांना कळणार कसं?" हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षं रोज वापरते. आणखी एक. 'जग' हा शब्द फळ्यावर दोनदा लिहून त्यांनी आख्ख्या वर्गाकडून म्हणवून घेतला होता. एक जग म्हणजे दुनिया, त्यातला ज तालव्य. दुसरं जग म्हणजे जगणं, त्यातला ज दंततालव्य. तसंच आकड्यातलं चार आणि गाईला घालायचा चारा. लिहायला अक्षर एकच, बोलायला दोन. मागच्या बाकांवर तेव्हा फार हसाहशी झाली होती. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

बी.कॉम. झाल्यावर मी सांगलीत एका पतसंस्थेत लागले आणि आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक म्हणून आवाजाची चाचणी दिली. पहिल्या वेळी नापास. आपल्याकडचा हेल होता बोलण्यात. वाक्य वर चढवून सोडून द्यायचं, असा. दुसऱ्या वेळी पास झाले. नंतर लग्न, पुणे, मुलगी. आवाजाचं काम अधूनमधून मुंबईला. पहाटेची सिंहगड एक्सप्रेस पकडायची, दादरला उतरायचं, रिक्षा-टॅक्सी करत अंधेरीत पोचायचं, तिथं दोन तास बसायचं, तीस सेकंदांची जाहिरात करायची आणि रात्री घरी. जाण्यायेण्याचा खर्च वजा केला की भाजीपुरते पैसे उरायचे. हौस म्हणून चाललं होतं.

हौस संपली 2016 साली. यांची कंपनी बंद पडली. मुलगी नववीत, घराचे हप्ते चालू. स्टोरीटेल 2017 मध्ये भारतात आलं आणि मराठी पुस्तकं ऐकायची म्हणून निघू लागली, तेव्हा माझ्यासारख्यांना पहिल्यांदा असं काम दिसलं जे एका दिवसात संपत नाही. जाहिरात तीस सेकंदांची, कादंबरी बारा-चौदा तासांची. पण मोठ्या कामांसाठी रोज स्टुडिओत जायचं तर घर कोण बघणार? सासूबाईंचं तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणून मी ठरवलं, घरीच करायचं.

आमचं घर सिंहगड रोडला, दुसऱ्या मजल्यावर. मी अठ्ठावीस हजार रुपये घातले. माईक, तो संगणकाला जोडायची पेटी म्हणजे ऑडिओ इंटरफेस, हेडफोन, स्टँड. मोडलेल्या एफ.डी.चे होते ते पैसे. आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, ते फुकट मिळतं. पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं आणि खचलेच. मी जणू न्हाणीघरातून बोलत होते. कुणीतरी सांगितलं अंड्याचे ट्रे लावा. भिंतभर लावले. आम्ही शाकाहारी, सासूबाईंनी दोन दिवस त्या खोलीत पाय ठेवला नाही, आणि आवाजात काडीचा फरक नाही. आता माहीत आहे की अंड्याच्या ट्रेचा पातळ पुठ्ठा वरचा थोडासा चरचरीत आवाज सोडला तर काहीच अडवत नाही. तेव्हा माहीत नव्हतं.

मग आपल्याच वर्गातला एक जण पुण्याला आला होता, ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनतात. तो समोर बसला आहे, नाव घेतलं तर लाजेल. चहा पिऊन खोलीत आला, मधोमध उभा राहिला आणि एकदाच टाळी वाजवली. म्हणाला, "अगं, ही खोली आहे का भोपळा? आम्ही भोपळा पोकळ ठेवतो तो घुमावा म्हणून. तुला घुमायला नकोय. मग पोकळी भर की." एवढं बोलून तो गेला. जे मी पन्नास व्हिडिओ बघून समजले नव्हते ते त्या टाळीत समजलं. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं ही एक गोष्ट, आणि आतला आवाज भिंतीवर आपटून परत येऊ न देणं ही दुसरी. पहिलीला विटा-सिमेंट लागतं. दुसरीला कापड पुरतं. आईच्या जुन्या नऊवारींच्या गोधड्या होत्या माझ्याकडे, पाच. भिंतीतल्या कपाटाचे खण काढून टाकले, मागे आणि दोन्ही बाजूंना गोधड्या लावल्या, डोक्यावर एक, पाठीमागे दांडीवर एक. मी बसते तो एक लाकडी स्टूल, कारण खुर्ची करकरते. तो माझा स्टुडिओ. अजूनही तोच आहे. नंतर माईक बदलला, गोधड्या नाही बदलल्या.

बाहेरच्या आवाजाचं मात्र काही करता आलं नाही, त्याच्या वेळापत्रकात आपण बसायचं. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, आमच्या नव्हे, आख्ख्या इमारतीच्या. दुपारी कुणाचं तरी टाइल्सचं काम. गणपतीच्या आधी दोन महिने नदीकाठी ढोल-पथकांचा सराव. म्हणून रात्री साडेअकरा ते साडेतीन. चारनंतर उन्हाळ्यात कोकीळ सुरू होते. कवींना ती का आवडते कोण जाणे, मला विचारा. पंखा बंद, त्यामुळे मे महिन्यात कपाटात बसलं की पदर पिळावा लागतो. कपडे सुतीच, कारण पॉलिस्टरची सळसळ माईक पकडतो. पोट रिकामं असलं तरी गुरगुरतं, भरलेलं असलं तरी गुरगुरतं. अर्धं केळं हे त्यावर माझं औषध. दुधाचा चहा आधी घ्यायचा नाही, तोंड चिकट होतं आणि प्रत्येक शब्दाआधी 'टिच' असा आवाज येतो. हातातल्या बांगड्या काढायच्या, मंगळसूत्रही काढायचं. यावरून सासूबाईंचं आणि माझं खूप झालं. शेवटी त्यांनीच तोड काढली. काळा दोरा ओवून दिला, मणी एकही नाही, म्हणाल्या हे घाल, हे वाजत नाही. नंतर त्याच माझ्या पहिल्या श्रोत्या झाल्या. त्यांना दिसायला कमी यायला लागलं होतं. रात्री रेकॉर्ड केलेलं त्या सकाळी ऐकायच्या आणि 'इथं तू दमलेली होतीस' असं बरोब्बर सांगायच्या. ती प्रकरणं मी पुन्हा करायचे.

किती मिळतं, हा प्रश्न मघाशी चहाच्या वेळी तिघांनी विचारला, म्हणून सांगते. पहिल्या महिन्यात अठराशे रुपये. एक तासाचं तयार पुस्तक करायला सुरुवातीला मला सहा-सात तास लागायचे. तीन तास वाचन, बाकी वेळ चुका काढणं, श्वास कमी करणं, खोलीची शांतता तपासणं. शांततेलासुद्धा मोजमाप असतं. कुणी न बोलता खोलीत जो आवाज उरतो तो साधारण उणे 60 डेसिबलच्या खाली हवा, नाहीतर काम परत येतं. माझी पहिली चार प्रकरणं परत आली होती, खालच्या मजल्यावरच्या फ्रिजच्या घरघरीमुळे. घर खऱ्या अर्थानं या कामावर चालायला लागलं ते 2020 मध्ये. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, मुंबईचे स्टुडिओ बंद, आणि ज्यांच्या घरी बऱ्यापैकी आवाज रेकॉर्ड होत होता त्यांना फोनवर फोन. लोकांच्या वाईट काळात माझं बरं चाललं, हे मनाला नेहमी टोचतं, पण ते तसं आहे.

कामात सगळ्यात डोकं कशात जातं सांगू? वाचण्यात नाही. समोर आलेलं मराठी बोलण्यासारखं करण्यात. जाहिरात हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिलेली असते आणि कुणीतरी घाईत तिचं मराठी केलेलं असतं. 'आपल्या केसांना द्या नवीन जान.' मी विचारते, केसांची जान म्हणजे काय हो? तिकडून उत्तर येतं, मॅडम, क्लायंटनं मंजूर केलंय. मग मी दोन तऱ्हांनी रेकॉर्ड करून पाठवते, एक त्यांचं, एक माझं, आणि दहापैकी सात वेळा माझं घेतात. ज्या हेलामुळे मी चाचणीत नापास झाले तोच आता पैसे देऊन मागतात. 'मॅडम, जरा गावाकडचं द्या.' त्यांना हवं असतं ते सिनेमातलं गावाकडचं, प्रत्येक वाक्यात 'रं' आणि 'गं'. मी त्यांना आपल्या बाजारातली भाजीवाली ऐकवते. शांत, ठाम, एक शब्द जास्त नाही. बियाणं तिच्याकडून घेतील लोक, त्या 'रं'वाल्याकडून नाही.

आता जे सांगायला मी खरं तर इथं उभी राहिले ते. ज्याच्याबद्दल सांगते आहे तो इथं आहे आणि त्यानं परवानगी दिली आहे.

मागच्या वर्षी श्रावणात त्याचा फोन आला. "अगं, तुझा आवाज ऐकला मोबाईलवर. मधुमेहाच्या काढ्याची जाहिरात. तू सांगतेस म्हटल्यावर तीन बाटल्या मागवल्या. गोळी बंद केली." मी म्हटलं, मी असली जाहिरात केलेली नाही. तो हसला, "आता नाकारतेस काय, दहा वर्षं तुझ्या बातम्या ऐकल्यात परिपाठाला!" दहा नाही, तीन, पण असो. त्यानं ती क्लिप पाठवली. मी ऐकली आणि हातपाय गार पडले. आवाज माझाच. घोगरेपणा माझा, श्वास घ्यायची जागा माझी. क्षणभर मलाच शंका आली की कधीतरी पैशाच्या अडचणीत केली असेन आणि विसरले असेन. मग शेवटचं वाक्य आलं, 'आता गोड खा आणि सुखाने जगा.' त्यातला 'जगा' दुनियेच्या ज-नं उच्चारलेला होता.

बाई, मी कपाटात बसून तो शब्द वीस वेळा ऐकला. मी अर्धवट झोपेतसुद्धा 'जगा' तसा म्हणणार नाही. यंत्राला लिहिलेलं अक्षर दिसतं, एकच ज. त्याला पिंपळाखाली कुणी उभं केलेलं नाही.

मी लगेच त्याला फोन केला. पण पंधरा दिवस तो गोळीशिवाय होता आणि साखर साडेतीनशेच्या पुढे गेली होती. त्याच्या मुलानं दवाखान्यात नेलं. आज तो इथं बसून जिलबीकडे बघतो आहे, म्हणजे ठीक आहे, पण त्या आठवड्यात मी एक ओळ रेकॉर्ड करू शकले नाही. चूक कुणाची, हा प्रश्न सरळ नाही. 2022 मध्ये मी एका ठिकाणी सुटी सुटी वाक्यं वाचून दिली होती, चार हजार वाक्यं, शैक्षणिक कामासाठी म्हणून. करार इंग्रजीत, अकरा पानं. मी शेवटच्या पानावर सही केली. नंतर काढून वाचला, तेव्हा सातव्या पानावर होतं की हा आवाज आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या कुठल्याही तंत्रानं, कुठेही, कायमचा वापरता येईल आणि दुसऱ्याला देता येईल. तिथून तो कुणाकडे गेला, काढ्यापर्यंत कसा पोचला, हे मला सिद्ध करता आलेलं नाही. वकिलाची नोटीस गेल्यावर क्लिप नाहीशी झाली. पैसे किंवा माफी, यातलं काही आलं नाही. 2024 मध्येच मुंबई उच्च न्यायालयानं गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्रानं नक्कल करण्याला अंतरिम मनाई केली. ते वाचून बरं वाटलं. पण ते अरिजित सिंग आहेत. मी 'मराठीसाठी दोन दाबा' आहे. माझ्या आवाजाला नाव नाही, आणि त्यामुळेच तो विश्वासाचा वाटतो, ही यातली गोम आहे.

यंदा पुन्हा तसंच काम आलं, तीस तासांचं वाचन, चार लाख रुपये एकरकमी. मुलीच्या पुढच्या शिक्षणाचे पैसे भरायचे होते. हे म्हणाले, घे, काढायचा तो आवाज त्यांनी तसाही काढलाच आहे. त्यांचं चूक नव्हतं. मी कळवलं की औषध, कर्ज आणि निवडणूक यांसाठी वापरणार नाही असं लिहून द्या, मुदत घाला, आणि दुसऱ्याला देण्याआधी मला विचारा. दोन दिवसांनी उत्तर आलं की दुसरा आवाज मिळाला आहे. चार लाख गेले. मोठेपणा म्हणून सांगत नाही, मला अजून रात्री कपाटात बसले की ते चार लाख आठवतात. मुलीसाठी कर्ज काढलं आहे.

तुमच्यापैकी दोघांच्या मुलांना या कामात यायचंय, त्यांनी माझ्याशी स्वतंत्र बोला. माईक कुठला घ्यायचा हे नंतर सांगेन. आधी एक पुस्तक घेऊन रोज तासभर मोठ्यांदा वाचा, महिनाभर, आणि घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाला ऐकवा. त्याला झोप लागली तर का लागली ते विचारा. आणि करारातली सगळी पानं वाचा, कळली नाहीत तर वाचून घ्या.

वेळ संपल्याची खूण संयोजक करत आहेत, पिंपळाखालून बाई करायच्या तशीच. शेवटचं एक काम आहे. मी येताना लहान रेकॉर्डर आणि दोन गोधड्या आणल्या आहेत. जेवण झाल्यावर सगळ्यांनी दहावी अ च्या खोलीत यायचं आहे. बाईंनी आपल्या वर्गाची हजेरी पुन्हा एकदा घ्यायचं कबूल केलं आहे. ऑफिसातून जुनं हजेरीपत्रक मिळालं आहे, सगळे क्रमांक आहेत. जे तिघे आज आपल्यात नाहीत त्यांचीही नावं बाई घेणार आहेत, तिथं कुणी काही बोलायचं नाही, मी तेवढी शांतता तशीच ठेवणार आहे. पंखे बंद राहतील, मोबाईल बाहेर ठेवा, बायकांनी बांगड्या सांभाळा. आणि 'हजर' नीट म्हणा, शेवटचा र गिळू नका, नाहीतर बाई पुन्हा घेतील.